पहिला नंबर मानाचा

चंद्रशेखर लेले एकतीस वर्षं बहारीनमध्ये होता आणि त्या एकतीस वर्षांत त्यानं एकदाही मतदान केलं नव्हतं. इथं करायचा प्रश्नच नव्हता. पुण्यात ज्या दिवशी मतदान असे, त्या दिवशी हा अस्करच्या अॅल्युमिनियम स्मेल्टरमध्ये शिफ्टवर असे. एकदा मुद्दाम रजा टाकून, पदरचं तिकीट काढून गेला, तर यादीत त्याचं नावच नव्हतं. त्याच्या वारलेल्या वडिलांचं मात्र होतं, फोटोसकट. तेव्हापासून त्याला मतदान या विषयाची जी खाज सुटली ती काही गेली नाही. ज्याच्या घरी चूल नाही तोच दुसऱ्याच्या स्वयंपाकात मीठ कमी की जास्त याची चर्चा करत बसतो, त्यातला प्रकार.

संध्याकाळी जेवणाआधी तो टीव्हीसमोर बसे आणि एकेका देशाशी भांडे. इंग्लंडात चौतीस टक्के मतं मिळवून जवळजवळ दोन तृतीयांश जागा घेऊन जातात, म्हणजे काय? अमेरिकेत ज्याला जास्त मतं पडली तोच घरी बसतो, हे दोनदा आपल्या डोळ्यांदेखत झालं. आणि मग उठतो एखादा गळा काढणारा, साहेबलोकांनी तुम्हाला लुटलं म्हणतो, उद्यापासून सगळं फुकट म्हणतो, आणि हरला की मोजणीच खोटी होती म्हणतो. हे शेवटचं ऐकलं की चंद्रशेखरच्या हातातला रिमोट सोफ्यावर आपटे. "अरे शेखर, त्यांना तू ऐकू येत नाहीस," असं लीना स्वयंपाकघरातून म्हणे. लीना त्याची बायको. तिला देशांच्या भानगडीत रस नव्हता. तिचा जीव एकाच गोष्टीत होता, तो म्हणजे दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी महाराष्ट्र मंडळाच्या खोलीत भरणारा तिचा मराठीचा वर्ग. बावीस वर्षं तो तिनं एक पैसा न घेता चालवला होता.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये दोघं मुलीकडे, सावनीकडे, डब्लिनला गेले आणि तिथं चंद्रशेखरला साक्षात्कार झाला. सावनी तिथं नोकरीला, पासपोर्ट भारताचा, तरी नगरपालिकेच्या निवडणुकीत तिला मत. परक्या माणसाला मत देतात या एका गोष्टीनंच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवाय ते मत देण्याची रीत. एकाच नावापुढं फुली मारून मोकळं व्हायचं नाही. पहिली पसंती एक, दुसरी दोन, तिसरी तीन, असे नंबर घालायचे. तुमचा पहिला बाद झाला की तुमचं मत दुसऱ्याकडे जातं. कुणाचं मत वाया जात नाही, आणि आरडाओरडा करणारा पंचवीस-तीस टक्क्यांच्या जोरावर सगळ्यांच्या डोक्यावर बसू शकत नाही. मोजणी चार दिवस चालली. बाकीचे कंटाळले, हा रोज सकाळी पेपर घेऊन बसला.

बहारीनला परत आल्यावर त्याची नजर ज्या एकमेव लोकशाहीवर पडू शकत होती, ती म्हणजे आपलं महाराष्ट्र मंडळ. मनामाच्या जुन्या बाजारात, एका मसाल्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की दोन खोल्या. एक टेबल-कपाटापुरतं ऑफिस, दुसरी जरा मोठी. चंद्रशेखर नऊ वर्षं मंडळाचा सेक्रेटरी होता. दोन वर्षांनी एकदा अध्यक्षाची निवडणूक होई आणि गेल्या खेपेला जयेश नावाचा गृहस्थ अवघ्या नऊ मतांनी पडला होता. समजूतदार मंडळींचे दोन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहिले, मतं फुटली, आणि जयेश जवळजवळ आलाच होता.

हा जयेश मूळचा ठाण्याचा, मोटारी भाड्यानं देण्याचा धंदा. माणूस वाईट नव्हे, मयताला सगळ्यांच्या आधी गाडी घेऊन येणारा. पण त्याच्या हाती व्हॉट्सअॅप पडलं आणि त्याला नेतेपण चढलं. मंडळ मूठभर साहेबांच्या बापाचं नाही, म्हणे. गणपतीला दोनदा महाप्रसाद, वर्षाला चार पिकनिका, सगळं फुकट, म्हणे. हे कुठून आणणार ते कुणी विचारलं की तो विचारणाराच साहेबांचा माणूस ठरे. आणि रोज सकाळी न चुकता एक मेसेज असे: अकरा पोरांसाठी मोठी खोली अडवून ठेवली आहे, मी आलो की पहिल्याच दिवशी वर्ग बंद आणि तिथं जनता कट्टा, भिंतभर स्क्रीन, क्रिकेट. लीना तो मेसेज वाचत नसे. पण अकरा हा आकडा खरा होता आणि तो तिला लागत असे.

यंदा जयेशसमोर कस्तुरी होती, मुंबईची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, कामाची, कमी बोलणारी. वर्ग चालू राहील असं तिनं लीनाला स्पष्ट सांगितलं होतं. तिसरा उमेदवार संदेश, राजापूरकडचा, हिद्दला एसी मेकॅनिक. कंपन्यांच्या कामगार कॅम्पात राहणाऱ्या माणसांची मंडळात कुणी दखल घेत नाही म्हणून तो उभा होता. म्हणजे पुन्हा तेच. कस्तुरीची थोडी मतं संदेश खाणार, जयेश मधून निघून जाणार आणि लीनाचा वर्ग जाणार. डिसेंबरात चंद्रशेखर साठीचा होत होता. नोकरी संपणार, व्हिसा संपणार, दोघं पुण्याला जाणार. त्याआधी लीनाचा वर्ग सुखरूप कुणाच्या तरी हाती देऊन जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं डब्लिनची पद्धत मराठीत लिहून काढली. बारा पानं झाली, आणि कार्यकारिणीनं ती न वाचताच मंजूर केली.

आता इथं बाळाजीकाकांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय मंडळात पान हलत नसे आणि त्यांना विचारूनही कधी हलत नसे. बाळाजीकाका शहात्तर वर्षांचे, मूळ कोरेगावकडचे शिंपी. शहात्तर साली बहारीनला आले ते बाजारातल्या त्याच गल्लीत युनिफॉर्म शिवत राहिले. अर्ध्या मंडळाचा नोकरीतला पहिला शर्ट त्यांच्या मशीनखालून गेलेला. त्यांचा मान मोठा. निवडणुकीचा पहिला अर्ज नेहमी त्यांचा. तो भरायचा, त्यांना हार घालायचा, फोटो काढायचा आणि शेवटच्या दिवशी त्यांनी तो गुपचूप मागं घ्यायचा. लग्नाची पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात तसं. देव काही पंगतीला येऊन बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

वार्षिक सभेतही पहिली दोन मिनिटं त्यांची. ते उभे राहत, खिशातून चष्मा काढत आणि जिन्याबद्दल, जिन्यावर बसणाऱ्या माणसांबद्दल काहीतरी बोलत. तेवढ्यात चंद्रशेखर आपले कागद लावून घेई. टाळ्या पडत. आणि इतिवृत्ताच्या वहीत तो ओळ लिही: ज्येष्ठ सदस्य श्री. बाळाजीकाका यांनी मार्गदर्शन केले. नऊ वर्षांच्या नऊ सभा, नऊ ओळी, अक्षरसुद्धा तेच.

यंदा चंद्रशेखरनं घोळ घातला तो इथं. त्याला वाटलं, तीनच उमेदवार असले तर मतं एकाकडून दुसऱ्याकडे कशी जातात हे लोकांना नीट दिसणार नाही. कुणीतरी एक असा हवा, जो पहिल्याच फेरीत हमखास बाद होईल. तो बाळाजीकाकांच्या दुकानात गेला आणि या वेळी अर्ज मागं घेऊ नका म्हणाला. तुम्ही आधी बाद व्हाल, तुमची मतं वाटताना सगळ्यांना पद्धत कळेल, म्हणाला. काका काजं करत होते. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"बाद व्हायचं, येवढंच न्हवं?" काका म्हणाले. "आन् न्हाई झालो तर?"

चंद्रशेखर हसला. काकाही हसले.

मग दसऱ्याच्या कार्यक्रमात त्यानं पद्धत समजावून सांगितली. बारा पानं कुणी वाचणार नाही हे लीनानं आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यानं खायच्या जिनसांची निवडणूक घेतली. जिलबी, श्रीखंड, गुलाबजाम आणि दुधी हलवा. दीडशे लोकांनी चिठ्ठ्यांवर नंबर घातले. अपेक्षेप्रमाणे दुधी हलवा पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याची सहा मतं चंद्रशेखरनं फळ्यावर बाण काढून इकडं तिकडं पाठवली आणि शेवटी जिलबी निवडून आली. लोक टाळ्या वाजवत होते. डब्लिनमध्येही इतका उत्साह नव्हता.

तेव्हा भक्ती नावाची नर्स उठली आणि तिनं विचारलं, म्हणजे पहिला नंबर ज्याला दिला तो पडला, तरी माझं खरं मत दुसऱ्याला मिळतंच ना? मिळतं, चंद्रशेखर म्हणाला. म्हणजे पहिला नंबर कुणालाही दिला तरी काही बिघडत नाही? एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या आवडत्या विषयावर प्रश्न विचारत होतं. त्याला इतका आनंद झाला की तो म्हणून गेला, अगदी बरोबर, काही बिघडत नाही. एवढं वाक्य त्यानं गिळलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण शहाण्या माणसाला गप्प बसायचं कुठं कळतं.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी एका शाळेच्या सभागृहात मतदान झालं. अस्कर आणि हिद्दच्या कॅम्पांतून माणसं आणायला जयेशनं स्वतःच्या गाड्या लावल्या होत्या. या गाड्या कुणाच्या खर्चानं, असं चंद्रशेखरनं विचारलं, तेव्हा बघा, साहेबांना गरिबांनी गाडीत बसलेलंही बघवत नाही, असं तो भर रांगेत म्हणाला. रांग हसली. चंद्रशेखरनंही आपली चिठ्ठी घेतली, आडोशाला जाऊन नंबर घातले आणि पेटीत टाकली. पसंतीचे नंबर घातलेलं त्याचं पहिलं मत.

मोजणी शेजारच्या वर्गखोलीत. चंद्रशेखर निवडणूक अधिकारी, प्रत्येक उमेदवाराचा एकेक माणूस समोर. एकूण चिठ्ठ्या दोनशे चौदा. तीन बाद झाल्या. एकानं चौघांनाही एक नंबर दिला होता, कारण चौघांकडेही त्याचं जाणं-येणं होतं. एकानं नंबर न घालता सगळे चांगले आहेत असं लिहिलं होतं. तिसऱ्यानं काहीच लिहिलं नव्हतं. राहिल्या दोनशे अकरा. निम्म्याहून जास्त म्हणजे एकशे सहा, एवढी ज्याला मिळतील तो आला.

पहिल्या दहा चिठ्ठ्यांत सात बाळाजीकाका निघाले. चंद्रशेखरला गंमत वाटली. पन्नास झाल्या तेव्हा गंमत वाटेनाशी झाली. शंभर झाल्यावर त्यानं पाणी मागितलं. शेवटी फळ्यावर आकडे असे होते: बाळाजीकाका एकशे अठ्ठावीस, जयेश एक्केचाळीस, कस्तुरी सत्तावीस, संदेश पंधरा.

चंद्रशेखरनं बेरीज दोनदा करून बघितली, तीच आली. मग जयेशचाच माणूस खाली मान घालून म्हणाला, की त्यानंही पहिला नंबर काकांना दिला होता. मान म्हणून. ते पडणारच होते ना? खरं मत दुसरं. कस्तुरीच्या माणसानंही तेच केलं होतं. बाहेर सभागृहात बातमी गेली तेव्हा कळलं की जवळजवळ सगळ्यांनी तेच केलं होतं. वयानं सगळ्यात मोठा माणूस यादीत असताना त्याला चौथा नंबर कोणत्या तोंडानं द्यायचा? उद्या दुकानात शर्ट शिवायला जायचंय. आणि लेलेसाहेबच म्हणाले होते, पहिला कुणालाही दिला तरी बिघडत नाही.

पत्रिका मिळाल्यावर या वेळी देव पंगतीला येऊन बसला होता.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. जयेश टेबलावर हात आपटून म्हणाला, दुसरी मतं मोजा, जनतेचं खरं मत दुसरं आहे. त्याला आपलीच दुसरी मतं जास्त असणार याची खात्री होती. चंद्रशेखरनं नियम दाखवला: पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली की मोजणी संपली. जयेश म्हणाला, हा नियम कुणी केला? साहेबांनीच ना? मग साहेबांनीच बदलावा. हे चाललं असताना कस्तुरी आली. ती कधी आवाज चढवत नसे, तशीच हळू म्हणाली, सर, दुसरी मतं मोजली तर मी येईन असं मला वाटतं, नियमात कुठं बसवता येईल का बघा ना. जयेशच्या आरड्याओरड्यापेक्षा हे तिचं हळू बोलणं चंद्रशेखरला जास्त झोंबलं.

त्यानं सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर काढलं. एकटाच चिठ्ठ्यांपाशी बसला आणि त्यानं जे करू नये ते केलं. बाळाजीकाकांच्या गठ्ठ्यातल्या वरच्या पंचवीस चिठ्ठ्या काढून दुसरे नंबर बघितले. कस्तुरी पंधरा, जयेश सात, संदेश तीन. हेच पुढंही असेल तर कस्तुरी आली आणि लीनाचा वर्ग वाचला. फक्त एक वाक्य बोलायचं होतं: सर्व उमेदवारांच्या आग्रहास्तव. कुणाची तक्रार येणार नव्हती. स्वतः बाळाजीकाकाही सुटलो म्हणाले असते.

दाराच्या काचेपलीकडे लीना उभी होती. ती खूण करत नव्हती, विचारतही नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती. बावीस वर्षं. चंद्रशेखरचा हात त्या पंचवीस चिठ्ठ्यांवर तसाच राहिला आणि त्याला स्वतःचीच चीड आली. हरल्यावर मोजायची रीत बदला म्हणणाऱ्यांवर ज्यानं आजवर एवढे रिमोट आपटले, तो आज स्वतः रीत बदलायला बसला होता. ते निदान उघड उघड लबाड होते. हा बारा पानी नियम लिहून वर लबाडी करणार होता.

त्यानं चिठ्ठ्या गठ्ठ्यात घातल्या, दार उघडलं आणि श्री. बाळाजीकाका अध्यक्षपदी निवडून आले असं जाहीर केलं. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. काका मागच्या रांगेत बसले होते. शेजारच्यानं हलवून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

पुढचे पाच दिवस सगळं मंडळ काकांचा राजीनामा आणायला दुकानात जात होतं. जयेश शाल घेऊन गेला. कस्तुरी मिठाई घेऊन गेली. दोघंही आलटून पालटून एकच बोलले, काका, वय झालं, दगदग कशाला, सन्मानानं बाजूला व्हा. काकांनी शाल ठेवून घेतली, मिठाई कारागिरांत वाटली आणि राजीनाम्याचं काही बोलले नाहीत. शेवटी चंद्रशेखर गेला. त्यानं खरं ते सांगितलं, लोकांनी तुम्हाला निवडायचं म्हणून मत दिलं नव्हतं. काकांनी कात्री खाली ठेवली.

"लेले, येकशेअठ्ठावीस लोकांनी माज्या नावाम्होरं येक लिवलाय," ते म्हणाले. "त्यांला म्या खोटं पाडू?"

चंद्रशेखरनं बारा पानांची घडी पुन्हा खिशात घातली.

पहिली बैठक पुढच्याच शुक्रवारी, वर्ग सुटल्यावर अकराला ठरली. चंद्रशेखर पावणेअकराला आला तेव्हा जिन्यावर नेहमीसारखी गर्दी होती. दर शुक्रवारी कंपनीची बस आठला कॅम्पातल्या माणसांना बाजारात सोडे आणि एकला परत नेई. त्या पाच तासांत त्यांना जायला जागा नसे, म्हणून ती इथं सावलीला बसत. चपला हातात, मोबाईल कानाला, हळू आवाजात, कारण वर वर्ग चालू आहे, शांतता पाळा, अशी पाटी होती. ती पाटी चंद्रशेखरनंच लावली होती. तो नेहमी जरा वाट द्या म्हणत त्यांच्यातून वर जाई. आज तिसऱ्या पायरीवर, संदेशच्या शेजारी, अध्यक्ष बसले होते. म्हणून चंद्रशेखरलाही तिथं थांबावं लागलं. एक पोरगा गावाकडच्या आपल्या तान्ह्या लेकीशी व्हिडिओवर इतक्या हळू बोलत होता की तिला ते ऐकू येत नसावं. ती नुसती स्क्रीनला हात लावत होती.

वर्ग सुटला. अकरा मुलं जिन्यावरून उड्या मारत उतरली, लीना वर दाराशी उभी होती. त्यांतली श्रेया नावाची चिमुरडी काकांपाशी थांबून म्हणाली, "अंकल, आर यू द प्रेसिडेंट?" काका म्हणाले, "व्हय बाळा." तिला ते कळलं आणि ती थँक्यू म्हणून पळाली.

बैठकीत काकांनी खिशातून चष्मा काढला. चंद्रशेखरनं सवयीनं इतिवृत्ताची वही उघडली. काका जिन्याबद्दल बोलायला लागले, आणि या वेळी कागद लावून घ्यायला कुणाला सवड मिळाली नाही, कारण बोलणारा माणूस अध्यक्ष होता. म्हणाले, म्या आलो तवा येका खोलीत बाराजन हुतो. सुट्टीच्या दिशी पाठ टेकायला येक मशिदीची भिंत हुती, दुसरं काय न्हाई. आता आपली खोली हाय. येत्या शुक्रवारपास्नं ही खोली आठ ते येक जिन्यावरल्या मानसांची. चहा, पंखा, दोन सतरंज्या, मोबाईल चारजिंगला लावायला पिना. वर्ग दुसरीकडं.

जयेशनं सगळ्यांत मोठ्यांदा टाळी वाजवली. हेच मी दोन वर्षं बोंबलून सांगत होतो, म्हणाला, आणि स्क्रीन कुठल्या भिंतीला लावायची ते बघायला उठलासुद्धा. टीव्ही न्हाई, काका म्हणाले, मानसं झोपत्याल.

लीना उठून उभी राहिली. शुक्रवारी दुपारी घरोघरी पाहुणे असतात, शनिवारी मुलांना ट्यूशन असते, पोहणं असतं, तेव्हा कुणी पाठवणार नाही, शुक्रवारची सकाळ गेली की वर्ग गेला, हे तिनं सांगितलं. बावीस वर्षं सांगितली. आत्ता ती श्रेया तुमचं मराठी समजली ना, ते कुठून समजली, हेही विचारलं.

"बाई, वर्ग बंद करा म्हनालो का म्या?" काका म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "तुमच्या घरच्या हालमंदी भरवा. एसी हाय, खुर्च्या हायत, अकरा तर पोरं."

"आम्ही डिसेंबरात जातोय, काका. कायमचे."

काकांनी चष्मा काढून पुन्हा खिशात घातला. मग म्हणाले, तवर भरवा, फुडलं फुडं बघू. पुढं बघणारं कुणी नव्हतं. कस्तुरीला बैठका, बाकीच्यांना ट्यूशनच्या गाड्या. लीना खाली बसली. तिच्या बाजूनं बोलायला कुणी उठलं नाही. चंद्रशेखरही नाही, कारण मघाशी पायरीवर त्या पोराशेजारी उभं राहून आल्यावर काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं. काका चुकत होते असं म्हणता येत नव्हतं. काका बरोबर होते असं लीनासमोर म्हणवत नव्हतं.

बोलायचं टाळायला म्हणून तो वहीत लिहायला लागला. अध्यक्ष श्री. बाळाजीकाका यांनी मार्गद, एवढं झालं तेव्हा काका त्याच्या खांद्यावरून वाकले.

"लेले," ते म्हणाले, "या टायमाला म्या काय बोललो ते लिवा."

त्यानं ओळ खोडली आणि लिहिलं. काकांनी एकेक शब्द पुन्हा सांगितला, त्याला अर्धा तास लागला.

दोघं गाडीनं घरी निघाले. मागच्या सीटवर वर्गाचा खडूचा डबा, बाराखडीचे तक्ते आणि अकरा वह्या होत्या. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. चंद्रशेखर सवयीप्रमाणे लोकांवर घसरला. एवढं समजावून सांगितलं, फळ्यावर बाण काढून दाखवले, जिलबीपर्यंत आणून दाखवलं, तरी माणसं पहिला नंबर मान म्हणून देतात. हे लोक लोकशाहीला लायकच नाहीत.

"तू पहिला नंबर कुणाला दिलास?" लीनानं विचारलं.

पुढची गाडी हलली. चंद्रशेखरनं गियर टाकला, थोडं पुढं नेऊन पुन्हा थांबवली. चौऱ्याण्णव साली नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्याच्या अंगात जो शर्ट होता, तो काकांनी एका दिवसात शिवून दिला होता. चिठ्ठी हातात आल्यावर त्याला तो शर्ट आठवला होता. कस्तुरीला दोन नंबर घालून तो निर्धास्त बाहेर पडला होता.

"मान म्हणून," तो म्हणाला.

लीनानं मागं वळून घसरत चाललेल्या वह्या सरळ केल्या आणि ती समोर बघत बसली.

"मीही," ती म्हणाली.